तिची आकाशी गाडी

माझी मैत्रीण आणि मी एकाच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. ती भौतिकशास्त्र शिकवते, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत आणि डबा आम्ही एकत्रच खातो. तिनं लग्न केलं नाही. विजापूर रोडला आईबरोबर राहते. वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं आणि त्यांच्याकडे एक मिनी बाइक होती.

मिनी बाइक म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. बुटकी, स्कूटरसारख्या लहान चाकांची, मोपेडपेक्षा जरा दांडगी आणि मोटरसायकलच्या मानानं अगदीच खेळणं. मोठा माणूस बसला की गुडघे हँडलला लागायचे. तिच्या वडिलांचे लागत नसत, कारण ते उंचीनं कमी होते. त्या गाडीवर मागे बियाण्यांची पोती बांधून ते अक्कलकोटच्या बाजूच्या गावांमधून फिरत. पुढे दुकान बंद झालं, गाडी घरामागे पडून राहिली. सीटचा स्पंज उंदरांनी नेला, टाकीत गंज उतरला.

एकदा मागची जागा साफ करताना आई त्या सांगाड्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर बसून आमी अक्कलकोटला जायचो की. मी अशी एका बाजूला पाय सोडून. तुझे अप्पा मागं वळून वळून बघायचे, पडली का काय म्हणून." त्या बोलल्या, हसल्या आणि आत गेल्या. मैत्रिणीच्या मात्र ते डोक्यात बसलं.

तिनं ती गाडी स्वतः दुरुस्त केली. मेकॅनिककडे टाकून मोकळी झाली नाही. पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले, जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांना फोन केले. काही भाग पुण्याहून आले, काही कोल्हापूरहून, आणि एक क्लच प्लेट तर बसत नाही म्हणून तिनं तीनदा परत पाठवली. तिच्या नखांत काळं ग्रीस दिसायला लागलं. वर्गात फळ्यावर लिहिताना मुली त्या नखांकडे बघत आणि हसत. तिला त्याचं काही वाटत नसे.

दर रविवारी मी तिच्याकडे जायची. खरं सांगायचं तर मी काहीच करत नव्हते. पायरीवर बसायचं, ती मागेल तो पाना द्यायचा, आईंनी केलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची आणि गप्पा मारायच्या. पण सोमवारी स्टाफरूममध्ये गाडीची गोष्ट सांगायची ती मी. "काल आमचा कार्बोरेटर बसला," असं मी म्हणायची. मैत्रीण वह्या तपासत असायची. कधी वर बघून हसायची, पण आमचा कुठला, असं तिनं कधी म्हटलं नाही.

शेवटी रंगाचं काम आलं. गाडी मूळची आकाशी, तोच रंग तिनं दिला. टाकीच्या एका बाजूला तिला सूर्यफूल हवं होतं, कारण वडिलांच्या दुकानाच्या पाटीवर सूर्यफूल होतं. ती पाटी रंगवणारे पेंटर अजून होते. शहराच्या पूर्व भागात राहत, घरात तेलुगू बोलत, हात थरथरायला लागलेला. त्यांनी आधी नाहीच म्हटलं. मग एका दुपारी स्वतःहून रिक्षानं आले, मनगटाखाली उशी घेतली आणि तळहाताएवढं फूल काढून दिलं. पाकळ्या जरा हललेल्या होत्या. मैत्रीण म्हणाली, "वाऱ्यात आहे असं वाटतंय." त्यानंतर ते मुलाकडे हैदराबादला राहायला गेले.

फेब्रुवारीत गावात जुन्या गाड्यांची फेरी निघणार होती. लोक आपापल्या जुन्या मोटारी, स्कूटरी घेऊन शहरातून चक्कर मारणार आणि मग मैदानावर त्या बघायला ठेवणार. मैत्रिणीनं नाव दिलं. आईंना मागे बसवून ती फेरीत जाणार होती. आईंनी इरकल साडी काढून इस्त्रीला दिली. ह्या वयात बसता येईल का, म्हणून अंगणात उभ्या गाडीवर बसून बघितलं आणि पाय एका बाजूला सोडून त्या इतक्या लाजल्या की मी तोंड फिरवून हसले.

फेरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी दुपारीच तिच्याकडे गेले. आईंचा नवा चष्मा आणायला त्या दोघी निघाल्या होत्या. मैत्रीण म्हणाली, "तू येतेस का, का बसतेस?"

"बसते. गाडी पुसून ठेवते."

"पूस. चमकव मस्त. पण चालू करू नकोस हं, उद्या काही नाटक नको."

त्या रिक्षानं गेल्या. मी गाडी पुसली. चाकांच्या तारासुद्धा एकेक करून पुसल्या. मग टाकीचं झाकण उघडून बघितलं तर पेट्रोल अगदी तळाला. मनात आलं, आपण भरून आणलं तर तिला आयतं होईल. असं मी स्वतःला सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते सगळं नव्हतं. मला ती गाडी चालवायची होती. एवढे रविवार मी पायरीवर बसून काढले होते. तिनं मला अंगणात दोन चकरा मारू दिल्या होत्या, रस्त्यावर कधीच नाही. किल्ली खिडकीत होती. मी पदर खोचला आणि गाडी बाहेर काढली.

ती इतकी गोड चालली, की आजही ते आठवलं की आधी आनंदच होतो आणि मग बाकीचं आठवतं. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. सिग्नलला एका बसच्या खिडकीतून दोन बायकांनी हात केला. पन्नाशीची बाई, साडी, हेल्मेट आणि खाली एवढीशी आकाशी गाडी. कॉलेजात शिकतानाही माझ्याकडे कोणी असं वळून बघितलेलं नाही.

पंपावर रांग होती. माझ्या मागे एक वयस्कर गृहस्थ स्कूटरवर होते. पांढरी टोपी, गळ्यात इष्टलिंग. ते स्कूटर लावून पुढेच आले. "अहो, ही गाडी! माझ्या मेव्हण्याकडं होती. किती वर्षांनी बघतोय." त्यांनी वाकून इंजिन बघितलं, सूर्यफुलावरून बोट फिरवलं, पण न टेकवता, वरच्या वर. मग विचारलं, "कुणी केली हो एवढी छान?"

"मीच," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडातून कसं गेलं ते मी कितीदा आठवून बघितलं आहे. कोणी पेचात पाडलं नव्हतं, काही अडलं नव्हतं. सरळ, सहज म्हणून गेले.

"तुमी? स्वतः?"

"हो. माझीच आहे. वडिलांची होती."

वडिलांची, असंही म्हणाले मी. माझे वडील पोस्टात होते आणि आयुष्यभर सायकलवर फिरले. त्या गृहस्थांनी मला चक्क हात जोडले. आणखी दोघं-तिघं जमले. कोणी विचारलं पार्ट कुठून आणले, मी सांगितलं. क्लच प्लेट तीनदा परत पाठवल्याचंसुद्धा सांगितलं. बोलत बोलतच टाकी भरून झाली, पैसे दिले, किक मारली आणि सगळ्यांकडे बघून मान हलवत निघाले.

ह्या गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. त्या जुन्या इंजिनाला वंगण दुसरीकडून मिळतच नाही, पेट्रोलमधूनच मिळतं. ऑइल नाही घातलं तर आतला पिस्टन कोरडा घासत राहतो आणि तापून जाम होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मैत्रीण प्रत्येक वेळी माप घेऊन मिसळायची आणि ते माप मी धरायची. पाने देण्याखेरीज माझं एवढं एकच काम होतं. पंपावर ते मला आठवलं नाही, कारण मी गोष्ट सांगण्यात गुंतले होते.

तिथून सरळ घरी आले असते तर कदाचित निभावलं असतं. मी लांबून गेले, सात रस्ता चौकाकडून, अजून जरा लोकांनी बघावं म्हणून. होटगी रोडला गाडीचा आवाज बदलला. आधी बारीक, किरटा झाला. मला वाटलं, वेग वाढवावा. मग एकदम मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी माझ्यासकट डाव्या अंगावर घसरत गेली.

चहाच्या टपरीवरची माणसं धावली. "मॅडम, उटा, उटा. लागलं का?" एकानं मला धरून कट्ट्यावर बसवलं, दुसऱ्यानं पाणी आणलं. कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं, साडी फाटली होती. मी बघत होते गाडीकडे. ती उभी केली तेव्हा डावी बाजू माझ्याकडे आली. हँडल वाकलं होतं. टाकीला पोचा आला होता आणि सूर्यफूल अर्धं खरवडून गेलं होतं. तिथं पत्र्याचा पांढरा ओरखडा दिसत होता. किक मारून बघायला एकानं पाय ठेवला, तर किक खालीच जाईना. "जाम झालंय हे," तो म्हणाला.

तेव्हा मला माप आठवलं.

टेम्पोवाल्यानं गाडी मागे आडवी न टाकता उभी बांधली, हे त्याचे उपकार. मी पुढे त्याच्या शेजारी बसले. सगळ्या रस्त्यात मी वाक्यं जुळवत होते. एक वाक्य असं होतं, की कोणीतरी कट मारला. दुसरं असं, की गाडीतच काहीतरी आधीपासून असणार. मुलांना निबंध शिकवणारी बाई, मला वाक्यांची काय कमी?

त्या दोघी परत आल्या होत्या. मैत्रीण फाटकातच उभी होती, रिकाम्या अंगणाकडे बघून बाहेर आलेली. टेम्पो थांबला, मी उतरले. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे.

आई पायऱ्या उतरून आल्या. "एनातव्वा?" घाबरल्या की त्यांचं कानडी येतं. काय झालं गं, असं त्या विचारत होत्या. माझा हात धरून त्यांनी मला आत नेलं. "बा, कुंद्रु. लई लागलं की गं." ये, बस, म्हणत त्यांनी खुर्चीवर बसवलं, कोमट पाण्यानं जखम धुतली, हळद लावली. नवा चष्मा लावूनच त्या माझ्या गुडघ्यावर वाकल्या होत्या. चष्म्याच्या दांडीला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

खिडकीतून मला अंगण दिसत होतं. मैत्रिणीनं गाडी स्टँडवर लावून घेतली, टेम्पोवाल्याला पाठवलं. मग ती गाडीशेजारी खाली बसली, टाकीचं झाकण उघडून वास घेतला. बोट बुडवून दोन बोटांत चोळून बघितलं. आत आली आणि दारात उभी राहिली.

"ऑइल घातलं नव्हतंस?"

जुळवलेली सगळी वाक्यं माझ्याजवळ होती. "नाही," मी म्हणाले. "विसरले."

"मी चालू करू नको म्हणाले होते."

"हो."

ती वळली. स्वयंपाकघरात गेली, माझ्यासाठी चहा टाकला. तिनं ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. चहात तिनं आलं घातलं होतं, मला आवडतं म्हणून.

फेरीला जाणं आता शक्य नव्हतं. आई म्हणाल्या, "असू दे की. मला कुटं जायचं होतं?" आणि इस्त्रीची साडी पलंगावरून उचलून कपाटात ठेवायला गेल्या. मैत्रिणीनं त्यांना थांबवलं. म्हणाली, "फेरीत नाही, पण मैदानावर गाडी ठेवता येईल. टेम्पोनं नेऊ. आई, साडी राहू दे बाहेर." मग माझ्याकडे वळली. "आणि तूसुद्धा यायचं आहेस. तू नाही आलीस तर आई दिवसभर तुझंच विचारत बसेल."

मी गेले. गुडघा वाकत नव्हता, पण तो दुखला तर बरं असंच वाटत होतं. होम मैदानावर गाड्या ओळीनं उभ्या होत्या. आमची, तिची, एका कडेला, वाकलेलं हँडल कसंबसं सरळ करून. ओरखड्याची बाजू तिनं लपवली नाही. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर इरकल नेसून बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आमच्या ह्यांची गाडी." कोणी विचारलं की हे काय झालं, तर मैत्रीण म्हणे, "काल पडली." कोणी विचारलं की कुणी दुरुस्त केली, तर ती म्हणे, "आम्ही दोघींनी." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि गुडघा मला उठू देत नव्हता.

ऊन चढलं तेव्हा ते गृहस्थ आले, पंपावरचे. नातीला बरोबर घेऊन आले होते. गाडी दिसताच त्यांचा चेहरा फुलला आणि ते थेट माझ्यासमोर आले.

"मॅडम! आणली का? अरेरे, हे काय झालं? कालच बघितली होती मी." मग नातीला म्हणाले, "बघ, ह्या बाईंनी स्वतः केलीय ही. ह्यांच्या वडिलांची गाडी. एकटीनं सगळं केलं, पार्ट मागवले, क्लच प्लेट तीनदा परत पाठवली. सांगा की मॅडम हिला."

मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. आई खुर्चीवर होत्या. आईंना नीट ऐकू आलं नसावं, त्या हसून त्या मुलीकडे बघत होत्या. मी मैत्रिणीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात एखाद्या हुशार मुलीचा पेपर कोरा निघाला की ती जशी बघते, तशी बघत होती.

मला बोलायला हवं होतं. 'नाही हो, माझी नाही, हिची,' एवढेच पाच शब्द. मी पदर सावरत राहिले.

"हो," मैत्रीण म्हणाली, "हिनं फार मेहनत घेतली." आणि मुलीजवळ वाकून तिला विचारलं, "तुला बसायचंय गाडीवर?"

तिनं त्या मुलीला उचलून सीटवर बसवलं, हँडल धरायला शिकवलं. आजोबांनी मोबाइलवर फोटो काढला. मला म्हणाले, "तुमी पण या की फोटोत." मी गेले. गाडीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. तो फोटो त्यांच्याकडे कुठंतरी असेल.

परत जाताना टेम्पोत आई पुढे बसल्या, आम्ही दोघी मागे गाडी धरून. ती रस्त्याकडे बघत होती.

"वडिलांची?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"इंजिन मी परत उघडेन. मला येतं ते. फुलाचं वाईट वाटलं, पण ते कुणाच्याही हातून झालं असतं. माझ्याही." मग जरा थांबून म्हणाली, "पण अप्पांना तू तुझे वडील कशाला केलंस गं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. की दर रविवारी तुला काहीतरी घडवताना बघत होते, माझ्या हातून असं कधी काही झालं नाही, त्या माणसानं हात जोडले तेव्हा ते हवंहवंसं वाटलं. सांगताना मला स्वतःलाच ते अपुरं वाटत होतं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ठीक आहे. पण काही दिवस रविवारी येऊ नकोस."

सोमवारी डबा आम्ही एकत्रच खाल्ला. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी फेरीबद्दल विचारलं, सवयीनं माझ्याकडेच बघून. मी म्हणाले, "गाडी तिची आहे, तिला विचारा. मी ऑइल न घालता चालवली आणि बिघडवली." एक-दोघं हसले, त्यांना गंमत वाटली. मैत्रिणीनं माझ्या डब्यातली भाजी घेतली. पंपावरचं मी तिथं सांगितलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं इंजिन पुन्हा खोललं, हे मला आईंकडून कळलं. एका दुपारी त्यांनी फोन केला, "येत नाहीस ते? पोरगी एकटीच खटपट करतीय. भांडलात व्हय?" मी म्हणाले, नाही, उन्हाचं निघवत नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "ऊन दरवर्षीच असतंय की." दुसऱ्या दिवशी भीत भीत गेले. मैत्रीण अंगणात सावलीला बसली होती, समोर वर्तमानपत्रावर भाग मांडलेले. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी नेहमीच्या पायरीवर बसले. तिनं पाना मागितला नाही, उठून स्वतः घेतला. दोन तास मी तिथंच बसून होते. निघताना ती म्हणाली, "ये परत."

आता गाडी चालते. टाकीचा पोचा तिनं काढून घेतला. आकाशी रंग भरला, फुलाला मात्र हात लावला नाही. उरलेल्या अर्ध्यावर नुसतं पारदर्शक लॅकर मारलं, गंज चढू नये म्हणून. किल्ली खिडकीत नसते, तिच्या पर्समध्ये असते. मला ते दिसतं आणि ते बरोबर आहे असं मी स्वतःला सांगते, तरी दरवेळी नजर आधी खिडकीकडे जाते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी माझ्या फाटकाशी तो बारीक आवाज आला. बाहेर गेले तर त्या दोघी. मैत्रीण पुढे, आई मागे एका बाजूला पाय सोडून, कानाला रुमाल गुंडाळून. आईंना तहान लागली होती म्हणून थांबल्या होत्या. मी तांब्या-भांडं आणलं. आई गाडीवरूनच पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "थेट किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. मागं वळून वळून बघतीय ही, अप्पांसारखीच."

मी दोघींना आत या म्हटलं. मैत्रीण म्हणाली, "नको, उशीर होतोय. उद्या डब्यात भेंडी आण." भांडं माझ्या हातात दिलं, एकदा मागे वळून आईंनी पकडलंय का ते बघितलं आणि गाडी सोडली.